आठव्या दिवसाचं नाव

"पुन्हा म्हण."

"माझं नाव लातीर न्दियाय."

"वय?"

"तीस."

"जन्म?"

"इथलाच. सां-लुईच्या मासेमारांच्या वस्तीतला. वाळूत."

"वाळूत म्हणू नकोस. विचारलं तेवढंच सांग. धाकटा भाऊ आहे का?"

"आहे. बिराम. सव्वीस वर्षांचा. फ्रान्समध्ये फुटबॉल खेळतो."

"हं. आता हसू नकोस फक्त."

हसू मला येत नव्हतं, त्यालाच येत होतं. मी उपड्या घातलेल्या होडीला टेकून बसलो होतो आणि तो माझ्यासमोर उकिडवा बसला होता. पांढरेशुभ्र बूट, पांढरी पँट, आणि खाली सगळीकडे माशांचे खवले. पोरं लांबून बघत होती, कारण एवढा मोठा स्ट्रायकर वस्तीत रोज येत नाही. पण लातीर न्दियाय तो होता. तीस वर्षांचा तो होता. मी बिराम, सव्वीसचा. आणि उद्या सकाळी दहा वाजता नगरपालिकेच्या कचेरीत एका गोऱ्या वकिलासमोर आम्ही दोघांनी उलटं बोलायचं होतं.

हे कसं झालं ते आधी सांगून टाकतो.

त्याच्या अकरा वर्षं आधी फ्रान्समधल्या एका क्लबचा माणूस पोरं निवडायला आला होता. त्याला सोळाच्या आतली पोरं हवी होती. लातीर एकोणीसचा होता, पण अंगानं काटकुळा, आणि त्याच्या डाव्या पायासारखा पाय आमच्या किनाऱ्यावर कोणाला नव्हता. भरतीची लाट मागे सरली की ओल्या वाळूवर खेळायचा आणि चेंडू बुटाला बांधल्यासारखा त्याच्याबरोबर पळायचा. बूट नव्हतेच म्हणा. आईनं पत्र्याची पेटी उघडली आणि माझा जन्माचा दाखला काढून त्याच्या हातात दिला. मला म्हणाली, "तू तर होडीवर जाणार. समुद्र काही कागद मागत नाही." मी तेव्हा पंधराचा. मला कोणी विचारलं नाही हे खरं आहे. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं हेही तितकंच खरं आहे. दाखल्यावर काय लिहिलंय ते मला वाचताही येत नव्हतं.

तर तो बिराम होऊन गेला. आधी पोरांच्या संघात, मग उत्तरेकडे कोळशाच्या खाणींच्या गावातल्या क्लबात. तिथे तीन हंगामांत त्यानं चाळीसच्या वर गोल केले. आमच्या होडीवर छोटा रेडिओ असायचा. जाळं टाकून आम्ही ऐकत बसायचो. हजारो माणसं एका सुरात ओरडायची, "बिराम! बिराम!" होडीवरचे गडी माझ्याकडे बघून म्हणायचे, "ए, तुला बोलावतायत, जा." मी हात हलवायचो आणि सगळे हसायचे.

आता दक्षिणेतला एक मोठा क्लब त्याला घ्यायला निघाला होता. सगळं ठरलं, आणि कोणीतरी निनावी पत्र टाकलं की हा माणूस सव्वीसचा नाही, तीसचा आहे. क्लबनं वकील पाठवला. त्याचं म्हणणं साधं होतं. थोरला भाऊ दाखवा. तो तीसचा असेल आणि समोर उभा असेल, तर धाकटा सव्वीसचा. नाही सापडला, तर करार गेला, खेळायला बंदी, आणि खोट्या कागदाबद्दल पोलीस वेगळे.

त्याच आठवड्यात मला मुलगा झाला होता. पहिला.

आमच्याकडे बारसं आठव्या दिवशी करतात. सकाळी बाळाचे केस उतरवायचे, मेंढा कापायचा, आणि इमाम बाळाच्या कानात हळूच नाव सांगतात. तोवर नाव बापाच्या पोटात राहतं. बाप ते इमामांना सांगतो, इमाम बाळाला सांगतात, आणि मग भाट ते साऱ्या वस्तीला ओरडून सांगतो. नाव नेहमी कोणाचं तरी ठेवतात, जिवलगाचं, भावाचं, मित्राचं. ज्याचं नाव ठेवलं तो बाळाचा अर्धा बाप होतो. स्वतःचं नाव कोणी आपल्या मुलाला देत नाही. तसं करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

माझी बायको कुंबा, तिला दिवस गेले तेव्हाच मी लातीरला फोनवर सांगितलं होतं, "दादा, मुलगा झाला तर तुझं नाव." त्यानं ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

त्या सकाळी होडीपाशी पाठांतर संपल्यावर तो वाळूत बोटानं रेघा मारत म्हणाला, "बिराम, एक सांगू? तिकडे मला अकरा वर्षं कोणी माझ्या नावानं हाक मारली नाही. बरोबरचे खेळाडू नाही, डॉक्टर नाही, ज्या बाईबरोबर राहिलो ती पण नाही. परवा विमानतळावर कोणीतरी 'लातीर' म्हणून ओरडलं, कुठल्या तरी दुसऱ्यालाच, आणि मी वळलोसुद्धा नाही. दहा पावलं गेलो आणि मग कळलं, ते माझं नाव."

"उद्याचं उरकलं की झालं," मी म्हणालो.

"उद्याचं उरकलं तर कायमचं झालं." तो हसला. "पण या घरात आता रोज कोणीतरी ओरडेल ना? लातीर, जेवायला ये. लातीर, पाय धू. लातीर, उंडगेपणा पुरे. मला तेवढं पुरे आहे. मी तिकडे बसून ऐकेन."

"एवढ्या लांबून?"

"मला ऐकू येईल."

मग आईनं हाक मारली आणि आम्ही उठलो.

बारसं त्याच दिवशी होतं. दहाचा सुमार असेल. अंगणात चटया पडल्या होत्या, बाजरीच्या गोड लापशीवर दही ओतणं चाललं होतं, वस्तीतली शंभर-दोनशे माणसं जमली होती. आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि न्हाव्याला सूचना देत होती, जणू तो पहिल्यांदाच वस्तरा धरत होता. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी येऊन थांबली.

गाडीतून एक उंच गोरा माणूस उतरला, घामानं डबडबलेला. त्याच्यामागे पांढरा झगा घातलेला, दाढी पिकलेला आपल्याकडचा माणूस.

लातीर माझ्या शेजारी होता. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "हा देल्कूर. वकील. उद्या येणार होता."

"मग आज का आला?"

"म्हणूनच आला. बेसावध गाठायला," लातीर म्हणाला.

दाढीवाला पुढे झाला. तो दुभाषी होता, राजधानीतून, दकारहून आणलेला. त्यानं अंगणावरून नजर फिरवली, पातेल्यांकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "हे घर न्दियायांचंच ना? पत्ता विचारावा लागला नाही. भाताचा वास धरून आलो. न्दियायांच्या घरी चूल पेटली की बाकीच्या देशाला उपास घडतो."

आईनं मान वर केली नाही. "आणि हा नक्की दियोप असणार. बिनबोलावता येणारी जात. बस बाबा बस, हाडं राखून ठेवली आहेत तुझ्यासाठी."

सगळं अंगण हसलं. आमच्यात न्दियाय आणि दियोप या दोन कुळांची पिढ्यान्‌पिढ्यांची थट्टा चालते. एकमेकांना खादाड म्हणावं, गुलाम म्हणावं, कोणी रागवायचं नाही. आणि त्या थट्टेखाली एक वचन असतं. दियोपानं न्दियायाचं वाईट करायचं नाही, न्दियायानं दियोपाचं नाही. केलं तर ते फिरून आपल्याच अंगावर येतं.

देल्कूरनं लातीरशी हात मिळवला, पाठीवर थाप मारली. मग दुभाष्याला काहीतरी विचारलं. दियोप आमच्याकडे वळला. "साहेब विचारतायत, बाळ कोणाचं?"

मग मागून म्हातारा होडीवाला अब्दू म्हणाला, "लातीरचं. थोरल्याचं." आणि त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. मग चार-पाच जण एकदम म्हणाले, "हो, लातीरचं. पहिलं." कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. वस्तीला सगळं माहीत होतं आणि वस्तीनं एका दमात खोटं बोलायचं ठरवलं.

देल्कूर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं माझा चेहरा पाहिला, मग हात पाहिले. दोरानं चिरलेले, मिठानं तडकलेले. त्याच्या चेहऱ्यावरची शंका तिथेच निम्मी उतरली. त्यानं लातीरकडे बघितलं. गुळगुळीत गाल, पांढरे दात, रोज कोणीतरी मालिश करतं असं अंग. मग परत माझ्याकडे. मला पाठ केलेलं काही बोलावंच लागलं नाही. अकरा वर्षांच्या उन्हानं माझ्या वतीनं साक्ष दिली होती. समुद्रानं मला थोरला केलं होतं आणि गवतानं त्याला धाकटा.

"लातीर, पाहुण्यांना खुर्च्या आण रे," आई म्हणाली.

सवयीनं म्हणाली. तिच्या लक्षातच आलं नाही. लातीर अर्धा उठला होता. त्याचा गुडघा वाकून सरळ होताना मी पाहिला आणि मोठ्यानं म्हणालो, "आणतो आई." त्या नावाला मी आयुष्यात पहिल्यांदा ओ दिली. लातीर तसाच अर्धवट वाकलेला राहिला आणि मग खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. नाडी बांधलेलीच होती.

देल्कूर रुमालानं मान पुसत होता. त्यानं काही पाहिलं नाही. दियोपनं पाहिलं.

मी खुर्च्या आणल्या. देल्कूर बसला आणि चौकशा करू लागला. हे काय चाललंय, ते काय चाललंय. दियोप त्याला समजावत होता आणि मध्येच आमच्या भाषेतही बोलत होता, जणू आम्हालाही कळावं. "आता बाप इमामांना नाव सांगेल. नाव जवळच्या माणसाचं असतं. भावाचं असतं बहुतेक." मग माझ्याकडे बघत, सावकाश, "स्वतःचं नसतं. बापानं स्वतःचंच नाव मुलाला दिलं, तर ऐकणारा विचारील की हा बाप आहे तरी कोण."

देल्कूर त्यावर काहीतरी म्हणाला. दियोपनं सांगितलं, "साहेब म्हणतात, मग थांबतो. नाव ऐकूनच कागदाचं काम करू."

माझ्या कानात गरम वारं भरल्यासारखं झालं. लातीरनंही ऐकलं होतं. तो अंगणाच्या पलीकडे उभा होता, हाताची घडी घालून. आमची नजरानजर झाली. त्यानं मान हलवली नाही, डोळ्यानं काही सांगितलं नाही. नुसता बघत राहिला. त्यानं नको म्हटलं असतं किंवा हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

इमामांनी मला जवळ बोलावलं. आईच्या मांडीवर बाळ झोपलं होतं, नुकत्याच उतरवलेल्या डोक्यावर तेल चमकत होतं. इमामांनी कान पुढे केला.

मी सांगितलं.

ते मागे सरून माझ्याकडे बघत राहिले. त्यांनीच मला ते नाव दिलं होतं, सव्वीस वर्षांपूर्वी, याच अंगणात. "नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

ते बाळाच्या कानाशी वाकले. मग भाटाला खूण केली. भाट उभा राहिला, दोन्ही हात वर केले, आणि त्याच्या आवाजानं छपरावरचे बगळे उडाले.

"बिराम! बिराम न्दियाय आला हो!"

मग आईनं मोठ्यानं गळा काढला. बाया नेहमीच काढतात, आनंदानं काढतात. पण मी आईला ओळखत होतो.

देल्कूरला नाव कळलं. त्याचा चेहरा उजळला. तो उठून लातीरपाशी गेला, त्याला मिठी मारली, काहीतरी बोलला. दियोपनं भाषांतर केलं, "साहेब म्हणतात, भावानं तुझं नाव ठेवलं. केवढा मान." लातीर हसला. फोटोत हसतो तसा, सगळे दात दाखवून. बाळ हातात घेतलं. देल्कूरनं कॅमेरा काढला. तो फोटो पुढे तिकडच्या एका वर्तमानपत्रात आला होता, म्हणे. स्ट्रायकर आणि त्याच्या नावाचा पुतण्या.

मग कागद. दियोपनं वाचून दाखवलं. मी, लातीर न्दियाय, अमुक साली जन्मलेला, शपथेवर सांगतो. मला सही येत नव्हती. दियोपनं शाईची डबी उघडली आणि माझा अंगठा धरला. लगेच टेकवला नाही. बोटानं माझा तळहात दाबून बघितला.

"किती म्हणालास वय?"

"तीस."

"हं." आवाज खाली आणून तो म्हणाला, "मी दियोप. न्दियायांचा गुलाम. गुलामाला कोण विचारतो?" आणि माझा अंगठा कागदावर टेकवला. निळा, गोल. उचलला तेव्हा खाली मी उरलो नव्हतो.

आता पुढचं सांगतो. आजवर हे मी कुंबालासुद्धा सांगितलेलं नाही.

जेवणं झाली. भात संपला, दियोपनं खरंच हाडं मागून घेतली, चहाचे तीन फेरे झाले. देल्कूरचं काम झालं होतं. तो म्हणाला, संध्याकाळच्या विमानानं निघू, परवा सह्या, उशीर नको. लातीरनं बॅग भरली. गाडी सुटायच्या आधी तो मला शोधत होडीपाशी आला. सकाळी बसलो होतो तिथेच मी बसलो होतो, अंगठा वाळूत घासत. शाई जात नव्हती.

"बरं केलंस," तो म्हणाला. "दुसरा इलाज नव्हता."

मी अंगठा घासत राहिलो.

"मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच सांगितलं असतं."

"तू माझ्याच जागी आहेस, दादा. अकरा वर्षं."

तो पांढऱ्या बुटानं वाळू उकरत राहिला. मग म्हणाला, "बिराम, एकदा हाक मार ना मला. जायच्या आधी. नावानं. इथे कोणी नाही."

खरंच कोणी नव्हतं. पाणी ओसरलं होतं, बायका मासळी वाळवायला पार तिकडे गेल्या होत्या. तो माझ्यासमोर उभा होता, आणि एवढा मोठा माणूस, ज्याच्यासाठी हजारो लोक ओरडायचे, तो हात खाली सोडून उभा होता, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.

सकाळपासून माझा राग साचत होता. कदाचित अकरा वर्षांपासून. रेडिओवर ऐकलेला प्रत्येक गोल त्यात होता. मी त्याला अंगठा दाखवला, निळा.

"लातीर मी आहे," मी म्हणालो. "आताच लिहून दिलंय. तू तुझ्या नावाचा कोणी दुसरा बघ."

तो हसला. मला वाटतं त्याला थट्टा वाटावी अशी त्याची इच्छा होती. खांद्यावर हात ठेवला, दाबला आणि गेला. गाडीचा आवाज गल्लीतून पुलाकडे गेला. मी तिथेच बसून राहिलो. उद्या फोन येईल तेव्हा म्हणू, असं मनाशी ठरवलं.

फोन आला. पण फोन वस्तीतल्या दुकानात होता, मागे वीस माणसं रांगेत उभी असायची, आणि भिंतींना कान असायचे. तो विचारायचा, "बिराम कसा आहे?" मी म्हणायचो, "बरा आहे." पहिले काही महिने मला कळायचंच नाही की तो कोणाबद्दल विचारतोय. हाकेचं त्यानं पुन्हा कधी काढलं नाही. मीही काढलं नाही.

मोठ्या क्लबात तो एकच हंगाम पुरा खेळला. नऊ गोल. दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला गुडघा गेला. तिथले डॉक्टर म्हणाले, सत्तावीस वर्षांच्या माणसाचा गुडघा इतका झिजलेला आम्ही पाहिला नाही. कागदाला फसवता येतं, गुडघ्याला नाही. मग खालचा क्लब, मग त्याच्याही खालचा, आणि शेवटी तो त्याच कोळशाच्या गावात परत गेला जिथे चाळीस गोल केले होते. तिथे शाळेची बस चालवायचा. इकडे दोन-तीनदा आला, आठ-आठ दिवसांसाठी. माझा मुलगा मोठा होत होता, त्याच्यासमोर आम्ही त्याला बिरामकाका म्हणायचो. दुसरं काय म्हणणार? आईही म्हणू लागली. ती गेली तेव्हा त्या अंगणातून लातीर हे नाव तिच्याबरोबर गेलं. मला तर वस्तीत कोणी नावानं हाक मारेनासंच झालं. त्या दिवसापासून मी बिरामचा बाप. कुंबाला पुढे तीन मुली झाल्या. मुलगा नाही.

तीन वर्षांपूर्वी तो गेला. बसमध्येच, मुलं उतरून गेल्यावर, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. वय बासष्ट. कागदावर अठ्ठावन्न. त्या गावातल्या जुन्या लोकांनी, त्याचे गोल बघितलेल्यांनी, त्याला घरी पाठवायचं सगळं केलं. पेटी विमानानं आली. पेटीवर पितळी पट्टी होती. मी मुलाला म्हणालो, वाच.

तो वाचू लागला आणि थांबला. "बाबा, यावर माझं नाव आहे."

"तुझं नाही," मी म्हणालो. "माझं आहे." आणि मग त्याला सगळं सांगितलं. होडीपाशी काय झालं, ते तेवढं सोडून.

आमचं कब्रस्तान समुद्राच्या बाजूला वाळूत आहे. कबरीवर आम्ही जुनी जाळी पसरतो. डोक्याशी लाकडाची पाटी रोवतात. पाटी कागद बघून रंगवतात, आणि कागदावर होतं बिराम न्दियाय. तिसऱ्या दिवशी मी तिथे गेलो आणि माझ्याच कबरीसमोर उभा राहिलो. वाचता येत नव्हतं. पण त्या खुणा मी ओळखल्या, कारण पट्टीवर त्याच होत्या.

त्याच संध्याकाळी मी मासळीला धुरी देणाऱ्या बायकांच्या लिहाय-वाचायच्या वर्गात जाऊन बसलो. त्यांना एक बाई शिकवायला यायच्या. बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. एक म्हणाली, "काय हो बिरामचे बाबा, आता या वयात कुठे नोकरी लागणार आहे?" मी म्हणालो, "मला सगळं नको. पाच अक्षरं हवीत." पाचच. लातीर हे फ्रेंच अक्षरांत पाच अक्षरांचं आहे. पहिलं सोपं, नुसती काठी आणि पाय. चौथं, 'वाय', अवघड, ते होडी वाळूत उलटी रोवल्यासारखं आहे. बाकीची अक्षरं पुढे आली, हळूहळू, एकदा दार उघडलं की माणसं येतात तशी. म्हणून आज हे लिहितो आहे. पण माझ्या हातानं लिहिलेला पहिला शब्द तो होता.

चाळिसाव्या दिवशी मी होडीचा पिवळा रंग आणि एक फळी घेऊन गेलो. होड्या रंगवणारा म्हणाला होता, "द्या इकडे, सुंदर काढून देतो." मी नको म्हणालो. माझी अक्षरं एकमेकांना धक्के देत उभी होती, शेवटचं खाली घसरलं होतं. जुनी पाटी उपटली, नवी रोवली.

मुलगा बरोबर होता. त्यानं वाचलं. मग म्हणाला, "बाबा, पण कागदावर हे तुमचं नाव आहे. लोक म्हणतील, जिवंतपणी स्वतःचीच पाटी लावली."

"म्हणू दे."

"आणि तुमच्या पाटीवर मी काय लिहू?"

"तू जरा गाडीपाशी थांब," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी जाळं बाजूला केलं. आमच्याकडे माणसाला उजव्या कुशीवर निजवतात. म्हणजे एक कान वरच्या बाजूला असतो. कुठे असेल त्याचा अंदाज घेतला, गुडघे टेकले आणि वाळूला तोंड लावलं. वाळू गरम होती.

"लातीर," मी म्हणालो. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, बारशाला म्हणतात तसं, हळू.

मग जाळं नीट ओढून घेतलं आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.